डबेवाल्या ताईंची दुपारची झोप

माझा प्रश्न छोटा आहे, पण त्यावरून घरात रोज धुसफूस होते. मी सिडकोत राहते, वय ४१. घरगुती डबे करते. सकाळचे वीस-बावीस डबे अंबडच्या कंपन्यांत जातात, ते न्यायला एक मुलगा येतो. संध्याकाळचे दहा-बारा डबे कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांचे. ते मी स्वतः स्कूटरवरून पाथर्डी फाट्यापर्यंत पोचवते. पहाटे सव्वाचारला उठते, रात्री पाठ टेकायला साडेअकरा होतात. दुपारी सगळं आवरून साडेतीन-चारला आडवी होते ती पाच-सव्वापाचला उठते. उठल्यावर डोकं जड, चिडचिड, कणीक मळायला हात चालत नाहीत. रात्री मात्र बारापर्यंत डोळा लागत नाही. सासूबाई म्हणतात, घरच्या बाईने दिवसा लोळणं बरं नव्हे, आयुर्वेदातही मनाई आहे. मिस्टर म्हणतात, वजन त्यानेच वाढतंय. म्हणून आठवडाभर दुपारी झोपलेच नाही. परवा संध्याकाळी सिग्नलला उभी असताना डोळा लागला, मागच्याने हॉर्न दिला तेव्हा दचकले. मिस्टरांना थर्ड शिफ्ट असते तेव्हा ते दिवसा झोपतात, आम्ही टीव्हीसुद्धा लावत नाही. मी आळशी झाले आहे का? दुपारी झोपावं की झोपू नये?

— एक ताई, सिडको, नाशिक

प्रिय ताई,

झोपावं. रोज झोपावं. मात्र साडेतीनला नव्हे, दोनच्या सुमारास. आणि दीड तास नव्हे, वीस-पंचवीस मिनिटं. तुम्ही आळशी झालेल्या नाही आहात. तुमची झोप कमी पडते आहे, आणि ती कधीपासूनची कमी पडते आहे हे तुमच्या घरात कोणी मोजलेलं नाही.

पण सगळ्यात आधी स्कूटर. ती गोष्ट तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात, मला मात्र तिथून पुढे जाववेना. सिग्नलला गाडी उभी होती म्हणून हॉर्नवर निभावलं. तीच डुलकी चालत्या गाडीवर आली असती तर? ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. अशा डुलक्या दोन-तीन सेकंदांच्या असतात, डोळे कधी कधी उघडेच असतात आणि माणसाला आपण झोपलो होतो हे कळतही नाही. तीन सेकंदांत ३३ मीटर. संध्याकाळच्या वेळी पाथर्डी फाट्यावर हायवेचे ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या आणि रिक्षा यांच्यातून तुम्ही पायाशी डब्यांची पिशवी घेऊन निघता, तेव्हा या ३३ मीटरचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. सलग १७ तास जाग्या असलेल्या माणसाचं लक्ष आणि हालचाल रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असावं इतकी मंदावते, हे प्रयोगांत तपासलेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याने ०.०३ टक्क्यांच्या पुढे चालत नाही. सव्वाचारला उठणाऱ्या बाईचे १७ तास रात्री सव्वानऊला भरतात, आणि आदल्या रात्रीची झोपच अर्धवट असेल तर ती अवस्था त्याच्या बरीच आधी येते. म्हणून ज्या दिवशी दुपारी झोप झाली नसेल आणि डोळे चुरचुरत असतील, जांभया येत असतील, मागची दोन वळणं कशी घेतली ते आठवत नसेल, त्या दिवशी स्कूटर काढू नका. सकाळचे डबे नेणाऱ्या मुलालाच संध्याकाळीही विचारा, नाहीतर रिक्षा करा. त्या दिवशीचा नफा गेला तर जाऊ द्या.

तुमच्या डुलकीवरचा उपाय विमान चालवणाऱ्यांवर तपासून झालेला आहे, म्हणून तोही इथेच सांगते. नासाने १९९० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पॅसिफिक महासागरावरून लांबची विमानं नेणाऱ्या वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटं विश्रांती दिली. जागेवर बसल्या बसल्याच. त्यात त्यांना सरासरी २६ मिनिटं झोप लागली. ज्यांना ही विश्रांती मिळाली नाही, त्यांना उड्डाणाच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे विमान उतरवायची वेळ जवळ आली तेव्हा, कितीतरी जास्त डुलक्या आल्या. शेकडो माणसांना घेऊन जाणाऱ्याला अर्धा तास डोळे मिटणं सुरक्षेसाठी लागतं, तर हायवेवरून डबे नेणाऱ्या बाईला का लागू नये?

आता आळसाचं बघू. साडेअकराला पाठ टेकते, बारापर्यंत डोळा लागत नाही, सव्वाचारला उठते. म्हणजे सव्वाचार तास. मोठ्या माणसाला रात्री निदान सात तास झोप हवी, असं झोपेचा अभ्यास करणाऱ्या वैद्यकीय संघटना सांगतात. तुम्ही रोज पावणेतीन तासांची उधारी करता आहात आणि किराणावाल्याच्या वहीसारखी ती मागच्या पानावरून पुढे येत राहते. ही सगळी उधारी दुपारच्या झोपेने फिटणार नाही. पण त्या दिवसापुरता हात मोकळा होतो, आणि तुमच्यासारख्या बाईला आत्ता तेवढी सवलतही फार मोठी आहे.

दुपारी झोप येणं हे जेवणाचं किंवा मनाच्या कमकुवतपणाचं लक्षण नाही. जाग आल्यापासून मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, जितकं जास्त जागरण तितका त्याचा दाब जास्त. शरीराचं घड्याळ त्या दाबाला दिवसभर तोलून धरतं, पण दुपारी एक ते तीनच्या सुमारास या घड्याळाचा जोर थोडा ओसरतो. न जेवलेल्या माणसालाही या वेळी सुस्ती येते. भाताचं ताट पोटभर जेवलं तर ती वाढते, एवढंच. तुम्ही सव्वाचारला उठता, म्हणजे दुपारी दोनला तुमचे जवळजवळ दहा तास भरलेले असतात. सातला उठणाऱ्या माणसाचे तेवढे तास संध्याकाळी पाचला भरतात. ज्या वेळी कंपनीतला माणूस बॅग आवरत असतो, त्या वेळी तुमच्यापुढे अर्धा दिवस शिल्लक असतो, आणि त्यात पोळ्या, भाजी, वरण, डबे भरणं, फेरी, परत येऊन भांडी.

चेन्नईतला एक अभ्यास तुम्हाला सांगावा असं हे पत्र वाचल्यापासून मनात आहे, कारण तो आपल्याकडच्या कष्टकरी माणसांवर झालेला आहे. २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कमी उत्पन्नाच्या ४५२ स्त्री-पुरुषांना एका कार्यालयात माहिती टाइप करण्याचं काम दिलं आणि मनगटावर यंत्र बांधून त्यांची झोप मोजली. ही माणसं रात्री आठ-आठ तास अंथरुणात होती, पण झोप लागत होती जेमतेम साडेपाच तास. उकाडा, डास, आवाज, गर्दीची घरं. संशोधकांनी काहींना पंखे, गाद्या, डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानात घालायचे बोळे दिले, रात्री लवकर झोपायला उत्तेजन दिलं. रात्रीची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढली, पण कामात फरक पडला नाही. दुसरीकडे काही जणांना दुपारी कार्यालयातच अर्धा तास शांत जागी आडवं व्हायला दिलं. त्यांचं काम सुधारलं, लक्ष वाढलं, मन जास्त बरं राहिलं.

त्यात एक गोष्ट अशीही निघाली की झोपण्याऐवजी तो अर्धा तास काम करत राहिलेल्यांची दिवसाची एकूण कमाई थोडी जास्त झाली, कारण त्यांना कामाचे तास जास्त मिळाले. ही बाजू मी मुद्दाम सांगते आहे. घरात कोणी म्हणेल, तेवढ्या वेळात चार पोळ्या जास्त झाल्या असत्या. पण तुमच्या दुपारच्या दोन ते अडीचमध्ये कमाईचं काम नसतंच. तेव्हा असतं ते ओटा पुसणं, कपड्यांच्या घड्या, दुसऱ्या दिवशीची मेथी निवडणं. त्यातलं एकही पंचवीस मिनिटांनी बिघडत नाही.

मग उठल्यावर डोकं जड का होतं? झोप टप्प्याटप्प्याने खोल जाते. पहिली वीस-पंचवीस मिनिटं ती उथळ असते, तिथून उठलं की माणूस ताजा उठतो. पुढे गाढ झोप लागते आणि तिच्या मध्यावर कोणी उठवलं तर मेंदूला जागं व्हायला वेळ लागतो, हातपाय जड, बोलणं नकोसं. एक पूर्ण फेरा साधारण दीड तासाचा असतो, पण तो प्रत्येकाचा आणि प्रत्येक दिवशी सारखा नसतो, शिवाय ज्याची झोप अपुरी राहिलेली असते तो लवकर आणि जास्त खोल जातो. तुमच्या पोळ्या लाटायच्या वेळी तुम्ही नेमक्या त्या गाढ झोपेतून उठत असता. ऑस्ट्रेलियात आदल्या रात्री कमी झोपवलेल्या तरुणांवर पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटांच्या दुपारच्या झोपेचा प्रयोग झाला होता. पाच मिनिटांचा फारसा उपयोग झाला नाही, दहा मिनिटांनी उठल्या उठल्या तरतरी आली आणि ती अडीच तासांपर्यंत टिकली, तीस मिनिटांनंतर मात्र आधी जडपणा आणि मग फायदा. तुमच्या सोयीचं काय ते यातून स्पष्ट आहे.

तेव्हा असं करा. सकाळचे डबे गेले, मुलं-सासूबाई जेवल्या, तुम्ही जेवलात की भांडी तशीच सिंकमध्ये पाण्यात टाका. ती आधी घासायला गेलात तर तीन वाजतात, मग चार वाजतात, तुमचं आजवर हेच होत आलं आहे. दोन वाजता मोबाइलवर पंचवीस मिनिटांचा गजर लावा आणि मोबाइल हाताला न लागेल असा खोलीच्या पलीकडे ठेवा, म्हणजे आवाज बंद करायला उठावंच लागेल. झोप लागायला पाच-सात मिनिटं गेली तरी पंधरा-वीस मिनिटं हाती लागतात. डाव्या कुशीवर पडा. जेवण नुकतंच झालेलं असतं, उजव्या कुशीपेक्षा डाव्या कुशीवर छातीत आम्ल कमी चढतं. जाडजूड गादी, पांघरूण, अंधार, पंखा पाचवर असा रात्रीचा सगळा थाट करू नका, हॉलमध्ये चटई आणि उशी पुरे. पडदा ओढा. उठल्यावर तोंडावर गार पाणी मारा आणि पाच मिनिटं उजेडात, गॅलरीत किंवा दारात, उभ्या राहा.

चहाचीही एक युक्ती आहे. चहा-कॉफीतलं कॅफीन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. आडवं व्हायच्या अगदी आधी अर्धा कप चहा घेतला तर तुम्ही उठाल तेव्हाच त्याची तरतरी सुरू झालेली असते. थकलेल्या चालकांवर हे करून पाहिलेलं आहे. ज्यांना जेवणावर चहा सोसत नाही किंवा अंगात रक्त कमी आहे त्यांनी हे करू नये, कारण जेवणालगतचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. तुमच्या रक्ताबद्दल मला पुढे बोलायचंच आहे, म्हणून तपासणी होईपर्यंत ही युक्ती बाजूला ठेवा. आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला स्वयंपाक करता करता दोन-तीन वेळा होणारा चहा मात्र आजच कमी करा. कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास जातात. रात्री बाराला डोळा न लागण्यात चार ते पाचच्या झोपेचा वाटा आहेच, पण या चहाचाही आहे.

काही दिवस झोप लागणार नाही. डोक्यात उद्याच्या भाजीचा हिशोब चालू राहील. लागली नाही तरी डोळे मिटून पडून राहा. मोबाइल बघत पडणं वेगळं, त्याला विश्रांती म्हणत नाहीत. आठ-दहा दिवसांत शरीराला ती वेळ कळते.

आता सासूबाई. त्या चुकीचं बोलत नाहीत, अपुरं बोलताहेत, आणि त्यांना उत्तर देताना हा फरक तुम्ही लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, दिवसाच्या झोपेबद्दल सविस्तर सांगितलं आहे. उन्हाळा सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपल्याने कफ आणि पित्त वाढतं, असं तिथे म्हटलंय हे खरं. अंगात मेद फार असणाऱ्यांनी, कायम तेलतुपकट खाणाऱ्यांनी आणि कफाच्या माणसांनी दिवसा झोपूच नये, असंही आहे. पण त्याच जागी अपवादांची लांबलचक यादी दिली आहे आणि या लोकांनी सगळ्या ऋतूंत दिवसा झोपावं, असं स्पष्ट म्हटलंय. त्या यादीत अभ्यासाने थकलेले आहेत, कामाने, ओझं वाहून आणि वाट चालून झिजलेले आहेत, वाहनाच्या प्रवासाने आणि जागरणाने दमलेले आहेत, म्हातारी माणसं, लहान मुलं, अशक्त आणि आजारी माणसं आहेत. काम, ओझं, वाट, वाहन, जागरण. ताई, या यादीत तुम्ही एकदा नाही, पाच वेळा बसता. सासूबाईंना हे वाचून दाखवा. वृद्धांचंही नाव त्यात आहे म्हणून त्यांनाही तुमच्याबरोबर आडवं व्हायला सांगा. कदाचित त्यांच्या तरुणपणी त्यांनाही कोणी हा अर्धा तास दिला नसेल.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, मला ती फार कामाची वाटते. रात्रीचं जागरण शरीराला कोरडं करतं, दिवसाची गाढ झोप जड करते, पण बसल्या बसल्या घेतलेली डुलकी यातलं काहीच करत नाही, असं तिथे सांगितलं आहे. ज्या दिवशी घरात पाहुणे आहेत, आडवं व्हायला जागा नाही, त्या दिवशी भिंतीला उशी लावून, पाय पसरून, मान टेकवून बसा आणि डोळे मिटा. वैमानिकही बसूनच झोपले होते. बसलेल्या माणसाला गाढ झोप सहज लागत नाही, त्यामुळे उठताना जडपणाही कमी.

सासूबाईंची आणखी एक शिकवण तुम्ही पाळाच. तिन्हीसांजेला झोपू नये, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. तुमचं साडेतीन-चारला पडणं आणि सव्वापाचला उठणं हिवाळ्यात जवळजवळ तिन्हीसांजेलाच टेकतं. त्या वेळी झोपून घेतलं की रात्रीसाठी साठलेला झोपेचा दाब उतरतो आणि मग अंथरुणात कूस बदलत पडावं लागतं. तीननंतर झोपायचं नाही, हा नियम घरात तुम्ही स्वतःहून जाहीर करा. त्यांच्या म्हणण्याला मान दिल्याचं त्यांनाही कळेल.

वजनाबद्दल थोडक्यात. वीस मिनिटांच्या झोपेने वजन वाढत नाही. रात्रीची झोप कमी पडली की मात्र भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं कमी होतं, गोड आणि तळलेलं खावंसं वाटतं. डबे करणाऱ्या बाईच्या हाताशी ते दिवसभर असतंच.

हृदयाचं म्हणाल तर २००७ मध्ये ग्रीसमधला एक मोठा अभ्यास आला होता, तेवीस हजारांहून जास्त लोकांचा. आठवड्यातून निदान तीन दिवस दुपारी निदान अर्धा तास झोपणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी दिसले. दुसऱ्या बाजूला, रोज तासाभराहून जास्त झोपणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि हृदयाचे आजार जास्त दिसतात असे अभ्यासही आहेत. यातल्या कशावरूनही झोपेनेच ते झालं असं सिद्ध होत नाही. आजारी माणूसच जास्त झोपत असेल. म्हणून हृदयासाठी दुपारी झोपा असं मी कोणाला सांगणार नाही. तुम्हाला मी संध्याकाळच्या रस्त्यासाठी, हातातल्या कढईसाठी आणि मुलांशी न चिडता बोलता यावं म्हणून झोपायला सांगते आहे.

आणि आता तुमच्या मिस्टरांसाठी चार ओळी. त्या तुम्ही त्यांना वाचायला द्या.

दादा, तुम्ही थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी येता आणि झोपता, ते योग्यच करता. यंत्रावर हात चालवायचा तर झोप हवी. घरातले लोक तेव्हा टीव्ही लावत नाहीत, मुलांना बाहेर पाठवतात, कुकरची शिट्टीसुद्धा लवकर बंद करतात. तुमची झोप सगळ्यांना कामाचा भाग वाटते, कारण तुमच्या कामाला गेट आहे, पंचिंग आहे, पगाराची तारीख आहे. तुमच्या बायकोचं काम तुमच्या आधी सुरू होतं आणि तुमच्या नंतर संपतं, पण त्याला गेट नाही, म्हणून त्यातली विश्रांती सगळ्यांना लोळणं वाटते. निफाड-दिंडोरीकडे शेतपंपाला रात्रीची लाइट असते तेव्हा रात्रभर पाणी भरून आलेला शेतकरी दुपारी झाडाखाली आडवा होतो, त्याला घरचं कोणी आळशी म्हणत नाही. तुमच्या घरात रोज पंचवीस मिनिटं तीच शांतता तिच्यासाठी पाळायची आहे. दोन ते अडीच. तुम्ही घरी असाल तर बेल वाजली की दार तुम्ही उघडायचं, कुरिअर तुम्ही घ्यायचं, मुलाला पाणी तुम्ही द्यायचं. फर्स्ट किंवा सेकंड शिफ्टला असाल तर हे मुलांना सांगून जायचं. ती संध्याकाळी कोणत्या रस्त्याने गाडी चालवते हे तुम्हाला माहीत आहे.

ताई, तुम्हीही एक गोष्ट करा. परवानगी मागू नका. "मी जरा पडू का?" असं विचारलं की घरात त्यावर मतं पडतात. "मी दोन ते अडीच झोपते, तेव्हा हाक मारायची नाही," असं एकदा सगळ्यांसमोर सांगा. गिऱ्हाइकांनाही तो वेळ कळवा, डब्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ टाका. दोनला आलेला फोन अडीचला घेतला म्हणून कोणी डबा बंद करत नाही.

रात्रीचंही थोडं बघावं लागेल, कारण सव्वाचार तासांवर कोणाचं शरीर वर्षानुवर्षं चालत नाही. पहाटेची भाजी रात्री दहानंतर चिरत बसता, ती संध्याकाळी पाचला, ताज्या डोक्याने, सासूबाईंच्या मदतीने चिरून फ्रिजमध्ये ठेवता येईल. संध्याकाळच्या फेरीनंतरची भांडी मुलांनी घासली तर त्यांचं काही बिघडत नाही. साडेअकराचे साडेदहा झाले तरी आठवड्याला सात तास मिळतात. आणि संध्याकाळच्या फेरीतले सगळ्यात लांबचे तीन-चार डबे एकदा नीट हिशोब करून बघा. पेट्रोल, वेळ, दमणूक धरून त्यात खरंच काय उरतं? सोडून द्या असं मी म्हणत नाही, पण हिशोब करा. एवढे कष्ट उपसणाऱ्या बाईला कोणत्या डब्यात पैसे सुटतात आणि कोणत्यात नाही हे माहीत असलंच पाहिजे.

शेवटी तपासणी. वेळेवर झोपून, रात्री तासभर झोप वाढवूनही महिनाभरात थकवा हटला नाही तर तो फक्त झोपेचा नाही असं समजा. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं आहे. तुमच्या वयात पाळी जास्त जाऊ लागली असेल तर त्यावर आधी लक्ष द्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तातली साखर या तीन तपासण्या करून घ्या. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा सिव्हिलमध्ये विचारलंत तर फार खर्च येणार नाही. सर्दीसाठी, अंगाच्या खाजेसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी रोज घेत असाल तर तिने झोप येते का हे डॉक्टरांना विचारा. आणि तुमच्या मिस्टरांना एक विचारा: "मी रात्री घोरते का, घोरता घोरता मध्येच श्वास थांबून दचकते का?" तसं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्या आजारात माणूस आठ तास झोपला तरी दिवसा पेंगतो, आणि त्यावर उपचार आहेत. तपासणीची वेळ आली तर सकाळचे डबे गेले की त्याच दिवशी जा, रविवारची वाट बघू नका. रिपोर्ट हातात आले की मला कळवा.